नेफ्यातली राणी

बाईंनी आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नव्हत्या. फळ्यावर गणित चुकवलं नव्हतं आणि कुणाची माफी मागितली नव्हती. पहिलीचा त्यांना अभिमान होता आणि दुसरीची कधी गरजच पडली नाही, असं त्या स्वतःच सांगत. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. ताई म्हणणारी माणसं दोनच, शेजारच्या घरात राहणारी सख्खी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. त्यातली बहीण गेले चौदा महिने त्यांना काहीच म्हणत नव्हती.

एके काळी दोघींनी हट्ट करून लागून लागून घरं घेतली होती. मागच्या परसांच्या मध्ये डोक्याइतकी उंच भिंत घातली आणि भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक ठेवलं. का, तर चहाचा कप हातात घेऊन इकडून तिकडे जाता यावं. त्या फाटकाला आता धाकटीच्या बाजूने कडी लागली होती. कडी गंजलीसुद्धा होती.

भांडणाचं मूळ बाईंच्या परसातल्या मधमाश्यांच्या पेटीत होतं. गेल्या वर्षी धाकटीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा बाईंनी नेमकी मध काढायला पेटी उघडली होती. डॉक्टर म्हणाले, लहानसं ऑपरेशन आहे. बाईंनी ते शब्दशः घेतलं, तीन दिवस पोळ्याच्या चौकटी काढल्या, मध गाळला आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात गेल्या, त्याही हातात मधाची बाटली घेऊन. धाकटीने बाटलीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ती घरी आली त्या दिवशी बाटली झाकणही न उघडता भिंतीवर परत आली होती. कडी त्याच संध्याकाळी लागली.

तेव्हापासून दोन्ही घरांचा कारभार मेहुण्यांच्या तोंडून चाले. मेहुणे म्हणजे धाकटीचे यजमान. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. बहिणी दोन हातांच्या अंतरावर उभ्या असल्या तरी एकीने म्हणायचं, "तिला सांगा, नळाला पाणी आलंय," आणि मेहुण्यांनी मान वळवून म्हणायचं, "अगं, ताई म्हणताहेत, पाणी आलंय." चौदा महिन्यांत त्यांची मान चांगली सैल झाली होती.

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला बाई भांडी घासत होत्या आणि मागे एकदम घूं असा आवाज उठला. हातातलं पातेलं तसंच टाकून त्या परसात आल्या. दूध उतू जावं तशा पेटीच्या तोंडातून माश्या बाहेर सांडत होत्या. हजारोंनी. आणि वर जाऊन गोल गोल फिरत होत्या.

बाईंना लगेच कळलं. पेटीत गर्दी झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन नवं घर शोधायला निघते आणि मागच्यांना नवी राणी होते. दुसरी पेटी त्यांनी आठ दिवसांपूर्वीच पुसून तयार ठेवली होती. "उद्या करू, उद्या करू" म्हणत राहिल्या, आणि माश्यांनी त्यांच्या उद्याची वाट पाहिली नाही.

थवा भिंतीवरून पलीकडे गेला. धाकटी पडदे शिवायची. धुऊन वाळत घातलेला एक जाड, गर्द पिवळा पडदा तिच्या दोरीवर होता. माश्या त्याच्या वरच्या काठाला येऊन बसल्या, एकीवर एक, एकीवर एक, आणि दहा मिनिटांत तिथे मोठ्या कलिंगडाएवढा घड लटकला.

"ताई!" मेहुण्यांचं अर्धं डोकं भिंतीवर दिसलं. "माश्या आल्यात हो!"

"दिसतंय मला. माझ्याच आहेत त्या."

मेहुण्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. मी त्या औषध मारणाऱ्याला फोन करून बसलो की. पाच वाजता येतोय तो. मला काय माहीत तुमच्या आहेत? माश्यांवर नाव थोडंच लिहिलंय!"

नाव नव्हतं, पण राणीवर खूण होती. दोन वर्षांपूर्वी, सगळं सुरळीत होतं तेव्हा, राणी चटकन ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा होता. बाईंचा हात थरथरायचा. तेव्हा धाकटीने आपली लाल नेलपॉलिशची बाटली आणली, श्वास रोखला आणि सुईत दोरा ओवावा तितक्या सहज ठिपका ठेवून दिला. वर म्हणाली, "आता हिची माझी नखं एका रंगाची." दोघी खूप हसल्या होत्या.

तीच राणी आता त्या घडात होती. पाच वाजता तो माणूस फवारा घेऊन येणार. दोरीवर माश्या असेपर्यंत धाकटी त्याला नको म्हणणार नाही. आधी माश्या पडद्यावरून काढायला हव्यात, आणि पडदा होता धाकटीच्या अंगणात.

"तिला विचारा, मी आत येऊ का."

मेहुणे आत गेले आणि बाहेर आले. "ती म्हणते, पडदा गिऱ्हाइकाचा आहे. सहाला पोचवायचाय. डाग पडता कामा नये."

"म्हणजे येऊ की नको?"

मेहुणे पुन्हा आत गेले. "ती म्हणते, डाग पडता कामा नये."

बाईंनी त्याचा अर्थ हो असा घेतला. फाटकाच्या कडीकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. जाळीची टोपी घातली, रिकाम्या पेटीत जुन्या पोळ्याची एक चौकट ठेवली, म्हणजे माश्यांना ओळखीचा वास येईल, आणि पेटी कमरेवर घेऊन रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने धाकटीकडे गेल्या. चष्मा मात्र घरी ठेवला. टोपीच्या आत वाफ धरून काचा पांढऱ्या होतात, हा नेहमीचा ताप.

मेहुणे मोठ्या शूरपणे त्यांच्या मागोमाग परसात आले, निरोप्याची जागा रिकामी राहू नये म्हणून. तेवढ्यात एक माशी त्यांच्या कानावर बसली. तिने काहीच केलं नाही, नुसती बसली. मेहुण्यांची पाचावर धारण बसली. ते जे पळाले ते थेट न्हाणीघरात, आणि आतून कडी लावल्याचा आवाज परसापर्यंत आला.

आता परसात एकट्या बाई होत्या आणि खिडकीच्या काचेमागे धाकटी. दोघींच्या मध्ये बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

बाईंनी घडावर साखरेच्या पाण्याचे तुषार उडवले. घर सोडून निघालेल्या माश्यांची पोटं मधाने भरलेली असतात, त्या सहसा डंख करत नाहीत. तरी हात सावकाश चालवायचा. पेटी घडाखाली धरली, पडद्याचा काठ दुसऱ्या हातात घेतला आणि एकच जोरदार झटका दिला. धप्पकन सगळा घड पेटीत पडला. पडद्यावर पाच-पन्नास माश्या राहिल्या असतील. बाईंना स्वतःचाच अभिमान वाटला.

तेवढ्यात खिडकी वाजली. टक, टक, टक. बाईंनी वर पाहिलं. चष्म्याशिवाय आणि जाळीतून त्यांना काचेमागे एक हात हलताना दिसला, बस्स. पुन्हा टक, टक, टक, या वेळी जोरात.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निघते आहे, निघते आहे," त्या पुटपुटल्या. "एवढी घाई असेल तर निघते."

नियम त्यांना पाठ होता. थवा पेटीत घेतला की पेटी तिथेच ठेवायची आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे बाहेर उडणाऱ्या माश्यासुद्धा आत येतात आणि राणी खरंच आत आहे की नाही तेही कळतं. हा नियम त्यांनी कितीतरी जणांना सांगितला होता. पण त्या खिडकीखाली सात-आठ तास बसायचं? खिडकी वाजवून हाकलून दिल्यावर? छे. बाईंनी झाकण लावलं आणि मान ताठ ठेवून पेटीसह पुढच्या दाराने परत गेल्या.

जेवण झाल्यावर त्या परसात आल्या तेव्हा पेटीच्या तोंडाशी गडबड चालली होती. माश्या बाहेर येत होत्या, घिरट्या घालत होत्या आणि भिंतीपलीकडे निघून जात होत्या. अडीच वाजेपर्यंत पेटी मोकळी. बाईंनी झाकण उघडलं. आत जुनी चौकट होती आणि वाट चुकलेल्या सात माश्या. पलीकडे पिवळ्या पडद्याच्या वरच्या काठाला सकाळचाच घड पुन्हा सकाळच्याच जागी लटकत होता.

राणी पेटीत आलीच नव्हती. राणी नाही तिथे बाकीच्या कशाला थांबतील?

बाई पायरीवर बसल्या. औषधवाला यायला अडीच तास होते. त्यांच्या माश्या मरणार होत्या, आणि त्या कुणाच्या चुकीने मरणार हे त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. सकाळी तिथेच थांबल्या असत्या तर दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. थांबल्या नाहीत, कारण नाक खाली येत नव्हतं. आणि मग नको तो विचार आलाच. थांबायला हवं होतं तिथे न थांबण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. बाईंना रडू आलं. तासाभराने पदराने डोळे पुसून त्या भिंतीपाशी गेल्या.

"मेहुणे!" त्यांनी हाक मारली. "अहो मेहुणे!"

"मी आतच आहे, ताई!" न्हाणीघरातून आवाज आला. "गेल्या का?"

"नाही."

"मग मी आतच आहे!"

जरा वेळाने भिंतीपलीकडे पावलं वाजली आणि कडी करकरली. गंजलेली कडी सरळ निघेना. कुणीतरी दगडाने तिला दोन ठोके घातले आणि फाटक उघडलं.

फाटकात धाकटी उभी होती. डोक्यावरून पांढरा जाळीचा पडदा घेऊन त्याची टोकं गाऊनमध्ये खोचलेली, हातांत नवऱ्याचे लोकरी हातमोजे, आणि गळ्यात मोजपट्टी तशीच. एरवी बाई पोट धरधरून हसल्या असत्या.

"काही माणसांना खिडकी वाजवलेली कळत नाही," धाकटी फाटकाला म्हणाली.

"काही माणसं खिडकी वाजवून हाकलतात," बाई भिंतीला म्हणाल्या.

"हाकललं कोण? मी सांगत होते, राणी राहिली म्हणून!" आणि फाटकाशी बोलायचं विसरून धाकटीने थेट ताईकडे पाहिलं. "मी बघितली तिला. माझा लाल ठिपका लांबून ओळखते मी. तू झटका द्यायच्या आधीच ती वर चढली आणि नेफ्यात शिरली. पडद्याचा दांडा घालतात ना, तो नेफा. त्याचं एक टोक मी अजून शिवलं नव्हतं. इंचभर फट होती, तिथून गेली आत."

"मग दार उघडून ओरडायचं!"

"बोलत नव्हते ना मी तुझ्याशी!"

हे बिनतोड होतं. मग धाकटीच्या जाळीआडून एक हुंकार आला आणि तो हसण्याचा आहे हे बाईंना ऐकताच कळलं.

"चष्मा घाल आणि पेटी आण," धाकटी म्हणाली. "साडेतीन वाजलेत."

या वेळी बाई फाटकातून गेल्या.

बाईंनी पडद्यावर धूर दिला, अगदी थोडा, आणि नेफ्याजवळच्या माश्या हळूहळू बाजूला सरकवल्या. धाकटीने लोकरी मोजे काढून फेकले. "यांनी काम होत नाही," ती म्हणाली. गळ्यातल्या मोजपट्टीला अडकवलेली शिवण उसवायची आकडी तिने काढली आणि आपल्याच हाताने घातलेली शिवण एकेक टाका करत उसवायला लागली. बोटांवरून माश्या चालत होत्या. तिचा श्वास जोरात चालला होता, पण हात हलला नाही. बाई पेटी धरून शेजारी उभ्या होत्या. जाळीच्या आत चष्म्यावर वाफ धरत होती आणि त्या मान वाकडी करून एका कोपऱ्यातून पाहत होत्या.

वीतभर नेफा उघडला आणि आत, दुमडीच्या अंधारात, लांबट पोटाची राणी दिसली. पाठीवरचा ठिपका एका बाजूने उडाला होता, पण रंग तोच.

"आली बघ माझी बाय," धाकटी पुटपुटली. तिने दुमड उलटी केली, पेटीच्या तोंडाशी टेकवली, आणि राणी दोन पावलं थांबून, जरा विचार केल्यासारखं करून, आत चालती झाली.

बाईंनी मग पडद्याला हलकासा झटका दिला. घड पेटीपुढे अंथरलेल्या चादरीवर पडला. पेटीच्या तोंडाशी काही माश्या शेपट्या वर करून जोरजोरात पंख हलवू लागल्या, आणि चादरीवरच्या सगळ्या माश्या तोंडं वळवून तिकडे चालायला लागल्या. उडत नव्हत्या, चालत होत्या. मधली सुट्टी संपल्यावर मुलं वर्गात शिरतात तशा, ढकलाढकली करत.

"या शेपट्या वर करून काय करताहेत?"

"वास सोडताहेत. बाकीच्यांना कळावं म्हणून. राणी इथे आहे, इकडे या."

धाकटी खाली बसून पाहत राहिली. मग उठून आत गेली आणि फोनवर बोललेलं बाईंना स्वच्छ ऐकू आलं. "नका येऊ. नाही, नाही, गरज नाही. माश्या माझ्या बहिणीच्या आहेत."

बाईंचा जीव भांड्यात पडला. माश्या वाचल्या म्हणून पडला, आणि शेवटच्या वाक्यासाठी जास्त पडला.

"आता ही पेटी अंधार पडेपर्यंत हलवायची नाही," धाकटी बाहेर आली तेव्हा त्या म्हणाल्या.

"मग तू जा घरी. राणी आत आहे, बाकीच्या आपोआप येतील. मी लक्ष ठेवते. सातच्या पुढे ये आणि घेऊन जा."

बोलणं अगदी बरोबर होतं. बाईंचं तिथे काहीच काम उरलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली बादली उलटी केली आणि तिच्यावर बसल्या. "बसते," म्हणाल्या.

धाकटीने पडदा उलटसुलट करून पाहिला. दोन बारीक तपकिरी डाग होते. तिने ते ओल्या फडक्याने पुसले, जे राहिलं ते चुणीच्या आत घेतलं आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून नेफा हाताने शिवायला घेतला. सुईत दोरा ओवायचं काम बाईंनी मागून घेतलं. सहा वेळा प्रयत्न करून परत दिलं.

"डॉक्टर लहानसं ऑपरेशन म्हणाले होते," बाई अचानक म्हणाल्या.

धाकटीची सुई थांबली. "लहान असलं तरी पोट माझं होतं, ताई."

तिने दोरा ओढून टाका घट्ट केला.

"दार वाजलं की मला वाटायचं, तूच आलीस. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी ती नर्स विचारायला लागली, कोण यायचंय तुमचं? मी म्हटलं, कुणी नाही."

पेटीपुढे शेवटची काही शे माश्या चालत होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. तोंडात शब्द होते, पण ते कधी वापरलेलेच नव्हते, त्यामुळे बाहेर यायला वेळ लागला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मध थांबला असता. मी यायला हवं होतं."

धाकटीने मान खाली घातली आणि चार-पाच टाके भराभर घातले. ते वाकडे गेले. तिने ते उसवले आणि पुन्हा घातले.

"गेल्या का हो?" न्हाणीघरातून आवाज आला.

"गेल्या! बाहेर या!" दोघी एकदम ओरडल्या, आणि आपण एकदम ओरडलो म्हणून हसायला लागल्या. मेहुणे बाहेर आले, दोघींना शेजारी शेजारी बसलेलं पाहून काही विचारायच्या आत चहा टाकायला आत गेले, आणि पावणेसहाला पडदा स्कूटरवर टाकून गिऱ्हाइकाकडे पोचवून आले.

साडेसातला उजेड सरला. पेटीच्या तोंडाशी एकही माशी उरली नव्हती, आतून फक्त मंद घुमणं ऐकू येत होतं. बाई उठल्या, कंबर दाबली आणि पेटीला हात घातला.

"कुठे नेतेस?" धाकटी म्हणाली.

"घरी."

"तिकडे आधीच एक आहे. ही इथे राहू दे. सकाळचं ऊन या कोपऱ्यात येतं."

"तुला माश्या आवडत नाहीत."

"नाहीच आवडत. पण दवाखान्यातले तीन दिवस म्हणजे बहात्तर तास. आज तू साडेतीनला आलीस, आता साडेसात झाले. चार तास झाले."

"बहात्तरातून चार गेले, अडुसष्ट," बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांना उमगलं की आपण नेमकी कशाची वजाबाकी केली. "सकाळचा अर्धा तास धरला नाहीस."

"तो धरणार नाही. तेव्हा तू माश्यांसाठी आली होतीस."

बाईंनी वाद घातला नाही. गणित बरोबर होतं. त्यांनी पेटी कोपऱ्यात विटांवर नीट ठेवली, टोपी काखेत मारली आणि फाटकाशी गेल्या.

"उद्या किती वाजता येतेस?" धाकटीने मागून विचारलं.

"सातला."

"ये. आणि येताना ती मधाची बाटली आण. आहे ना अजून?"

बाई फाटकात थांबल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "झाकण उघडलेलं नाही."